"असाइनमेंट सापडत नाही" ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते आणि ती कशी सोडवावी

ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या शिक्षकांकडे प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला त्याच त्या संदेशांची रांग लागते. "सर, असाइनमेंट दिसत नाही", "मॅडम, तुम्ही टाकलेली पीडीएफ कुठे आहे?", "मी सबमिट केलं होतं, पण तिथे झालेलं दाखवत नाही." आपण उत्तर देतो, तो विद्यार्थी मार्गी लागतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन येतो. अशा वेळी "तिथेच आहे, नीट बघ" किंवा "लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन कर" अशी उत्तरे सहज दिली जातात. त्यांनी कधी कधी काम भागते, परंतु तक्रारीचे मूळ तसेच राहते.

याचे कारण असे, की "सापडत नाही" या दोन शब्दांखाली एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान चार अडचणी येतात. विद्यार्थी चुकीच्या खात्यातून आत आलेला असतो. किंवा तो योग्य जागी असतो, पण ती गोष्ट त्याच्यापासून लपलेली असते. किंवा ती त्याच्या डोळ्यांसमोर असते, पण हीच ती, हे त्याला ओळखता येत नाही. किंवा त्याला सगळे सापडलेले असते, काम करूनही झालेले असते, फक्त शेवटची पायरी राहिलेली असते. या चौघांना एकच उत्तर लागू पडत नाही. त्यातच शिक्षकाची स्क्रीन आणि विद्यार्थ्याची स्क्रीन सारखी नसते, आणि आपण मात्र आपल्याला दिसते तेच त्यालाही दिसत असणार असे धरून सूचना देतो. माझ्या मते बहुतेक गोंधळ या एका गृहीतकातून निर्माण होतो.

आधी काय विचारावे

उत्तर देण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या समोर काय आहे ते पाहून घ्यावे. त्यासाठी एक ठरलेला संदेश तयार ठेवलेला बरा: "तुला आत्ता जे पान दिसते आहे त्याचा, वरच्या पत्त्याच्या पट्टीसकट, पूर्ण स्क्रीनशॉट पाठव. मोबाइलवर आहेस की लॅपटॉपवर, आणि ॲपमध्ये की ब्राउझरमध्ये, तेही लिही. पासवर्ड मात्र कोणालाही पाठवू नकोस." पूर्ण स्क्रीनशॉट मागण्याला अर्थ आहे. विद्यार्थी सहसा अडचण आली तेवढाच तुकडा कापून पाठवतात आणि उत्तर नेमके कापलेल्या भागात असते: कोपऱ्यातील गोलात दिसणारे खात्याचे अक्षर, पत्त्याची सुरुवात, कोर्सचे नाव, वर निवडलेला टॅब. चूक दाखवणारा एखादा संदेश आला असेल, तर तो शब्दशः मागावा. "काहीतरी एरर आली" एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

विचारण्याचा सूरही महत्त्वाचा आहे. ज्या विद्यार्थ्याला दोनदा "नीट बघ" असे ऐकावे लागले, तो तिसऱ्यांदा विचारत नाही. तो गप्प राहतो आणि काम वेळेत आले नाही म्हणून त्याचे गुण जातात. या तक्रारींतील खरे नुकसान हे आहे आणि ते आपल्या नजरेस पडत नाही.

चुकीच्या खात्यातून आत येणे

गूगल क्लासरूममध्ये, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन वर्गाच्या सेवेत, ही अडचण सर्वांत जास्त आढळते. विद्यार्थ्याच्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये त्याचे वैयक्तिक गूगल खाते आधीपासून उघडे असते, संस्थेने दिलेले खाते त्यानंतर जोडलेले असते, आणि क्लासरूम उघडताना पहिले खाते पुढे येते. मग त्याला वर्गांची यादी रिकामी दिसते आणि आपल्याला वर्गातून काढले की काय, असे त्याला वाटते. कोपऱ्यातील चित्रावर टिचकी मारून खाते बदलणे हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे संस्थेच्या खात्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल तयार करणे, म्हणजे दोन खाती एकमेकांच्या आड येत नाहीत.

येथे शिक्षकाकडूनही नकळत भर पडते. आपण आपल्या ब्राउझरमधील पत्ता जसाच्या तसा कॉपी करून पाठवतो, तेव्हा त्या पत्त्यात अनेकदा "यू" हे अक्षर, तिरकी रेघ आणि एक आकडा असतो. तो आकडा आपल्या ब्राउझरमधील खात्याचा क्रमांक असतो. विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्ये त्या क्रमांकावर दुसरेच खाते असू शकते किंवा कोणतेच नसते. त्यामुळे लिंक देताना क्लासरूमने त्या कामाच्या मेनूमध्ये दिलेला "लिंक कॉपी करा" हा पर्याय वापरावा, आणि पाठवण्यापूर्वी पत्त्यात तो तुकडा राहिला असल्यास काढून टाकावा.

मेसेजिंग ॲपमधून लिंक उघडली, तर पुष्कळदा त्या ॲपच्या आतलाच एक छोटा ब्राउझर उघडतो. विद्यार्थ्याने नेहमीच्या ब्राउझरमध्ये केलेले लॉग-इन तेथे लागू होत नाही, म्हणून त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जातो किंवा कोरे पान दिसते. "लिंक दाबून धर आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघड" एवढी सूचना येथे पुरते. मूडल किंवा कॅनव्हास या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या प्रणालींचे ॲप असेल, तर पहिल्याच पानावर संस्थेचा पत्ता किंवा नाव द्यावे लागते. तो पत्ता विद्यार्थ्यांना पाठ नसतो, म्हणून तो लिखित स्वरूपात आधीच देऊन ठेवावा.

आत आहे, पण दिसत नाही

खाते बरोबर असूनही कोर्स किंवा काम दिसत नसेल, तर आधी विद्यार्थ्याच्या बाजूची कारणे तपासावीत, कारण ती लवकर सुटतात. मूडलमध्ये "माझे कोर्स" या पानावर वरच्या बाजूला एक गाळणी असते: सर्व, चालू, पुढे येणारे, होऊन गेलेले, तारांकित आणि नजरेआड केलेले. विद्यार्थ्याने एकदा निवडलेला पर्याय पुढच्या वेळीही तसाच राहतो. त्यामुळे एखाद्याने कधीतरी "तारांकित" निवडले असेल, तर नवा कोर्स त्या यादीत येतच नाही. कोर्सच्या चौकटीवरील तीन ठिपके दाबताना चुकून तो "नजरेआड" झाला असेल, तर तो "सर्व" या यादीतूनही जातो आणि फक्त त्या शेवटच्या गाळणीखाली सापडतो. आणि कोर्सची अंतिम तारीख शिक्षकाने मागच्या सत्राचीच ठेवली असेल, तर चालू कोर्सदेखील "होऊन गेलेले" या यादीत जाऊन बसतो. ही दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. कॅनव्हासमध्ये याच जागी तारांकनाचा प्रश्न येतो: विद्यार्थ्याने काही कोर्सना तारा दिला, की डॅशबोर्डवर तेवढेच राहतात आणि बाकीचे पाहण्यासाठी "सर्व कोर्स" या पानावर जावे लागते.

मोबाइलवर आणखी एक गोष्ट घडते. लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर डाव्या बाजूला कोर्सची पूर्ण अनुक्रमणिका उघडी दिसते. मूडलच्या ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ही अनुक्रमणिका कोर्सचा मुख्य नकाशा झाली आहे. छोट्या स्क्रीनवर मात्र ती मिटलेली असते आणि कडेच्या एका लहान चिन्हामागे जाते. आपण लॅपटॉपवर बसून "डावीकडच्या यादीत तिसऱ्या आठवड्यावर क्लिक करा" असे लिहितो आणि मोबाइलवरील विद्यार्थ्याच्या डावीकडे यादीच नसते. म्हणून प्रत्येक सूचना पाठवण्यापूर्वी ती स्वतःच्या फोनवर करून पाहावी. यात फार वेळ जात नाही आणि पुढचे बरेच प्रश्न वाचतात.

आता शिक्षकाच्या बाजूची कारणे. गूगल क्लासरूममध्ये ड्राफ्ट म्हणून ठेवलेले किंवा पुढच्या वेळेसाठी शेड्यूल केलेले काम शिक्षकाला यादीत दिसते, विद्यार्थ्याला दिसत नाही. काम देताना सर्वांऐवजी काहीच विद्यार्थी निवडले गेले असतील, तर उरलेल्यांसाठी ते अस्तित्वातच नसते. कॅनव्हासमध्ये काम प्रकाशित केले, पण ज्या मॉड्यूलमध्ये (कोर्सच्या विभागात) ते आहे ते प्रकाशित करायचे राहिले, असे वरचेवर होते. मूडलमध्ये गटांनुसार किंवा "आधीचा भाग पूर्ण केल्यावरच" अशा अटी घालता येतात. अटी उपयोगी आहेत, परंतु एखादा विद्यार्थी कोणत्याच गटात घातलेला नसेल, तर गटाची अट असलेले काहीही त्याच्यासाठी खुले होत नाही. "बाकी सगळ्यांना दिसते, मलाच दिसत नाही" अशी तक्रार आली, की प्रथम गटांची यादी उघडावी.

हे सगळे तपासण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे विद्यार्थ्याच्या नजरेने कोर्स पाहणे. कॅनव्हासमध्ये त्यासाठी "स्टुडंट व्ह्यू" आहे, तर मूडलमध्ये आपली भूमिका तात्पुरती "विद्यार्थी" अशी बदलता येते. मूडलमधील ही सोय चांगली असली, तरी अपुरी आहे. भूमिका बदलली, तरी खाते आपलेच राहते, त्यामुळे गटांच्या अटी त्या विद्यार्थ्याला कशा लागू होतात हे त्यातून नीट कळत नाही. म्हणून शक्य असेल तेथे प्रशासकाकडून एक चाचणीचे विद्यार्थी खाते मागून घ्यावे, ते कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यासारखे दाखल करावे, एखाद्या गटात घालावे आणि सत्र सुरू होण्यापूर्वी त्या खात्यातून पहिले असाइनमेंट शेवटपर्यंत सबमिट करून पाहावे.

कोर्समध्ये बाहेरचे एखादे साधन बसवलेले असेल, जसे की चाचणीचे किंवा व्हिडिओचे, तर काही विद्यार्थ्यांना त्या चौकटीत कोरी जागा दिसते किंवा पुन्हा पुन्हा लॉग-इन मागितले जाते. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकीज, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी, सरसकट अडवतो आणि अशी साधने अनेकदा त्याच कुकीजवर अवलंबून असतात. ते साधन त्या चौकटीत न उघडता नव्या विंडोमध्ये उघडेल, अशी सेटिंग केल्यास ही तक्रार बहुधा थांबते.

समोर आहे, पण ओळखता येत नाही

या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एखाद्या कोर्समध्ये "युनिट २ फायनल", "युनिट २ फायनल नवीन" आणि "नोट्स (१)" अशा तीन फायली एकाखाली एक असतात. शिक्षकाला माहीत असते, की दुसरी खरी आहे, पहिली जुनी आहे आणि तिसऱ्या फाइलमध्ये प्रश्नसंच आहे. विद्यार्थ्याला हे कळण्याचा काहीच मार्ग नाही. तो पहिली उघडतो, तिच्यात प्रश्न सापडत नाहीत आणि मग तो लिहितो, "मॅडम, प्रश्न दिलेले नाहीत." त्याने व्यवस्थित पाहिलेले असते, दोष नावांचा असतो.

नाव असे असावे, की फाइल न उघडता तिचे काम कळेल: "आठवडा ३ : वाचायचे : पेशीची रचना", "आठवडा ३ : सोडवून द्यायचे : पेशींवरील प्रश्न". आठवडा, करायची कृती आणि विषय हा क्रम एकदा ठरवला, की सत्रभर तो मोडू नये. सूचनेत ज्याला "स्वाध्याय" म्हटले त्याला कोर्समध्ये "असाइनमेंट" आणि गुणपत्रकात "टास्क ३" म्हटले, तर ही तीन वेगळी कामे आहेत असे विद्यार्थ्याने समजणे स्वाभाविकच आहे. प्रत्येक आठवड्याचा सांगाडाही सारखाच ठेवावा: आधी थोडक्यात प्रस्तावना, मग वाचन, मग व्हिडिओ, शेवटी द्यायचे काम. दुसऱ्या आठवड्यानंतर विद्यार्थी शोधणे सोडून देतात आणि सवयीने योग्य जागी पोहोचतात. कोर्सची रचना दर आठवड्याला नावीन्यपूर्ण असावी, असे काही सहकाऱ्यांना वाटते. मला ते पटत नाही. नावीन्य आशयात आणावे, मांडणीत नको.

एका कामाचा पत्ता एकच असावा. पीडीएफ क्लासरूमच्या स्ट्रीमवर (सूचनांच्या पानावर) टाकली, पुन्हा क्लासवर्कमध्ये (कामांच्या पानावर) टाकली आणि वर ग्रुपवरही पाठवली, तर विद्यार्थ्यांची सोय होते असे वाटते. पण मुदत बदलली किंवा एखादा प्रश्न दुरुस्त केला, की तीन प्रती तीन प्रकारच्या होतात आणि कोणता विद्यार्थी कोणती प्रत वाचतो आहे हे कोणालाच सांगता येत नाही. सूचनेत फाइल न जोडता मूळ जागेची लिंक द्यावी. जुने साहित्य ठेवणे भागच असेल, तर ते विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवावे.

लिंकवर "येथे क्लिक करा" असे लिहू नये. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन, वापरतात आणि पानावरील लिंकांची यादी ऐकून हवी ती निवडतात. त्या यादीत "येथे क्लिक करा" हेच शब्द ओळीने ऐकू आले, तर त्यांच्या हाती काय लागणार? "आठवडा ३ चा प्रश्नसंच उघडा" ही लिंक त्यांना उपयोगी पडते आणि इतर सर्वांनाही.

काम केले, पण पोहोचले नाही

मूडलच्या असाइनमेंटमध्ये "विद्यार्थ्याने सबमिट बटण दाबणे आवश्यक" ही सेटिंग चालू असेल, तर फाइल चढवून जतन केल्यावर काम सुपूर्द होत नाही. ते ड्राफ्ट म्हणून राहते. स्थितीच्या ओळीत "ड्राफ्ट, सबमिट केलेले नाही" असे लिहिलेले असते, पण विद्यार्थ्याने फाइल चढताना पाहिलेली असते, "जतन करा" दाबलेले असते आणि त्याच्या लेखी काम झालेले असते. त्याने पान बंद केलेले असते. खाली असलेले "असाइनमेंट सबमिट करा" हे बटण आणि त्यानंतरची खात्री विचारणारी पायरी त्याने पाहिलेलीच नसते. काम आधी मसुदा म्हणून ठेवण्याची गरज नसेल, तर ही सेटिंग बंद ठेवणे उत्तम. ती चालू ठेवायची असेल, तर असाइनमेंटच्या मजकुरात पहिल्याच ओळीत लिहावे, की "स्थितीच्या ओळीत 'ग्रेडिंगसाठी सबमिट केले' असे दिसेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये."

गूगल क्लासरूममध्ये याच्या उलट दिशेने घोळ होतो. काम "टर्न इन" केल्यावर, म्हणजे सुपूर्द केल्यावर, विद्यार्थ्याला एखादी चूक आठवते, दुरुस्तीसाठी तो "अनसबमिट" दाबतो, दुरुस्ती करतो आणि पुन्हा "टर्न इन" करायला विसरतो. "मी दिले होते" हे त्याचे म्हणणे खरेच असते. तसेच फाइल न जोडता तेथे "मार्क ॲज डन" करता येते. मग शिक्षकाकडे काम झाल्याची नोंद येते, पण उघडून पाहिले तर आत काहीच नसते. अशा वेळी विद्यार्थ्यावर लबाडीचा संशय घेण्याआधी त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागावा.

हाताने लिहिलेल्या कामाचे फोटो आयफोनवरून येत असतील, तर ते बहुधा एचईआयसी स्वरूपात असतात. २०१७ च्या आयओएस ११ पासून बहुतेक आयफोनवर तेच मूळ स्वरूप आहे. असाइनमेंटमध्ये फक्त जेपीजी आणि पीडीएफ चालतील अशी अट असेल, तर फाइल नाकारली जाते. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "मोस्ट कंपॅटिबल" निवडणे किंवा स्कॅन करून पीडीएफ करणे, हे दोन्ही मार्ग मजकुरात लिहून ठेवावेत.

मुदतीबाबत एक नियम पाळावा: रात्री १२ ची मुदत कधीही देऊ नये. "१५ तारीख, ००:००" याचा अर्थ १४ तारखेची रात्र संपली त्या क्षणी मुदत संपली असा होतो, आणि अनेक विद्यार्थी तो १५ तारखेची रात्र असा घेतात. २३:५९ लिहिले, की हा प्रश्न उरत नाही. वेगळ्या टाइमझोनमधून शिकणारे विद्यार्थी असतील, तर त्यांच्या प्रोफाइलमधील टाइमझोन एकदा तपासून घ्यायला सांगावे. मूडलमध्ये देय तारीख आणि अंतिम बंद होण्याची तारीख वेगवेगळ्या असतात, हेही सांगावे. देय तारीख उलटल्याचा लाल मजकूर पाहून पुष्कळ विद्यार्थी काम चढवण्याचा प्रयत्नच करत नाहीत, वास्तविक ते उशिराचे म्हणून स्वीकारले जाणार असते.

तोच प्रश्न पुन्हा आला तर

एका विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर द्यावे. तोच प्रश्न तिघा-चौघांनी विचारला तर कोर्स दुरुस्त करावा. त्यासाठी आलेल्या प्रश्नांची साधी नोंद ठेवावी: प्रश्न, खरे कारण आणि काय बदलले. पहिल्या आठवड्यात विनागुणांचे एक सरावाचे काम द्यावे, ज्यात विद्यार्थ्याने कोर्समधील पुढची मुदत शोधून लिहायची, एक छोटी फाइल चढवायची आणि शिक्षकाला एक संदेश पाठवायचा. ज्यांचे हे काम येत नाही, त्यांची नावे आपल्याला पहिल्याच आठवड्यात कळतात आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपण त्यांच्याशी बोलू शकतो.

मदतीची माहिती फक्त कोर्सच्या आत ठेवू नये. ज्याला लॉग-इनच करता येत नाही, त्याला ती तेथे वाचता येणार नाही. एक पानाची सूचना लॉग-इनशिवाय उघडेल अशा जागी आणि ईमेलनेही द्यावी. लांब व्हिडिओपेक्षा स्क्रीनशॉटसह लिहिलेल्या पायऱ्या मला अधिक उपयोगी वाटतात, कारण मांडणी बदलली, की एखादे चित्र बदलणे सोपे असते. व्हिडिओ मात्र पुन्हा करावा लागतो आणि तो कोणी करत नाही.

इतके करूनही अडचण सुटली नाही, तर ती तांत्रिक विभागाकडे द्यावी. देताना "विद्यार्थ्याला दिसत नाही" एवढेच लिहून भागत नाही. अडचण कोणत्या तारखेला आणि किती वाजता आली, कोणते उपकरण आणि ब्राउझर होता, पानाचा पूर्ण पत्ता, चूक दाखवणारा शब्दशः संदेश, आणि इनकॉग्निटो (खासगी) विंडोमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणावर तेच घडते का, हे सर्व एकाच संदेशात द्यावे. इनकॉग्निटोमध्ये सर्व ठीक चालत असेल, तर दोष बहुतेक वेळा साठवलेल्या कुकीजचा किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा (जादा छोट्या प्रोग्रॅमचा) असतो आणि तो विद्यार्थ्याच्या बाजूलाच सुटू शकतो. उत्तर येईपर्यंत त्या विद्यार्थ्याची मुदत निघून जाऊ देऊ नये. मूडलमध्ये एका विद्यार्थ्यापुरती मुदत बदलता येते, आणि कॅनव्हास व गूगल क्लासरूममध्येही एकट्या विद्यार्थ्याला वेगळ्या मुदतीने काम देता येते. तशी मुदत लावून नवी तारीख आणि वेळ त्याला लेखी कळवावी.